तीन शिट्ट्या म्हणजे किती?

नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या पत्रिकेवर विषय छापलाय, ‘जिज्ञासूंसाठी घरातल्या दहा नवलाच्या आणि उपयोगी गोष्टी’. पाऊण तास दिलाय, त्यात दहा बसवायच्या आहेत. त्याआधी एक काम उरकते.

टेबलावर शेगडी आहे आणि हा माझा घरचा कुकर. यात दोन डबे ठेवतेय. दोन्हींत एकेक वाटी तूरडाळ, एकाच पुड्यातली, आणि पाणीही सारखंच. फरक एवढाच की उजवीकडच्या डब्यात मी मोठा चमचाभर चिंचेचा कोळ घातलाय. पहिल्या रांगेतल्या काकू, तुम्ही पाहिलंत ना? साक्षीदार तुम्ही. झाकण लावलं, गॅस मोठा केला. शिट्टी झाली की माझं बोलणं थांबवायला हरकत नाही.

तर मंडळी, शिट्टीवरूनच सुरुवात करू. आपल्या घराघरांत स्वयंपाकाचं एक माप आहे. वाटी आहे, चमचा आहे, चिमूट आहे, तशी शिट्टी आहे. ‘तीन शिट्ट्या द्या.’ ‘राजम्याला सहा लागतात.’ दूरच्या खोलीतून हाक येते, ‘किती झाल्या गं?’ आणि उत्तर येतं, ‘दोन का तीन, लक्ष नव्हतं.’ मी सदतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि या मापाशी माझं भांडण त्याहूनही जुनं आहे.

लग्न होऊन सासरी आले तेव्हा घरात सासूबाई होत्या आणि वर्षातून चार महिने राहायला येणाऱ्या आत्येसासूबाई. सासूबाईंचं वरण तीन शिट्ट्यांत व्हायचं, आत्येसासूबाईंच्या मते पाच हव्यात. दोघी स्वयंपाकात मुरलेल्या, दोघींचं वरण उत्तम. पण कुकर मी लावला की माझी पंचाईत. तीन दिल्या तर एकीची मान हलायची, पाच दिल्या तर दुसरी म्हणायची, ‘डाळीचं पीठ केलंस.’ आणि मोजून तीन देऊनही कधी डाळ दाताखाली यायची तर कधी गरगट व्हायची. म्हटलं, माप चुकतंय की मी?

मे महिना होता, शाळेला सुट्टी. यजमानांचं एचएमटीचं घड्याळ ओट्यावर ठेवलं. पहिल्या दिवशी पहिली शिट्टी झाल्यावर गॅस मोठाच ठेवला आणि दहा मिनिटं मोजली. नऊ शिट्ट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तीच डाळ, तेच पाणी, पण पहिल्या शिट्टीनंतर गॅस अगदी बारीक. दहा मिनिटांत एकही शिट्टी नाही. आत्येसासूबाई दर दोन मिनिटांनी म्हणत होत्या, ‘अगं, कुकर गप्प का? वायसर गेलं असेल.’ दोन्ही दिवशी वाफ आपोआप जिरू दिली. कुकर पडल्यावर सासूबाईंनी डाळीचा दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून चिरडला. दोन्ही दिवशी सारखाच, लोण्यासारखा. एका दिवशी नऊ, एका दिवशी शून्य, आणि वरण एकच!

सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी काय केलं ऐका. त्यांनी घड्याळ उचलून चष्म्याजवळ नेलं, पाहिलं आणि म्हणाल्या, ‘म्हणजे शिजवतो तो वेळ. ओरडते ती वाफ.’ याहून नेमकं मला वर्गात कधी सांगता आलेलं नाही.

(इथे कुकरची शिट्टी झाली.)

झाली बघा. आता गॅस बारीक करते, एकदम बारीक. सात वाजायला दहा मिनिटं आहेत. बरोबर सात वाजून दोन मिनिटांनी बंद करायचा. काकू, घड्याळाकडे लक्ष ठेवा.

आत काय चाललंय? उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं आणि मग तुम्ही कितीही जाळ करा, ते १०० च्या वर जात नाही. हे आपण सगळे शाळेत शिकलो आणि स्वयंपाकघरात विसरलो. बटाटे उकडताना पाणी खळखळा उकळलं की लवकर होतील असं वाटतं. होत नाहीत. मंद उकळीचं पाणी आणि खळखळणारं पाणी सारखंच तापलेलं असतं, खळखळाटात फक्त पाणी आटतं. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि उकळण्याआधी पाण्याला जास्त तापावं लागतं. आपल्या कुकरच्या शिट्टीचं वजन असं ठरवलेलं असतं की आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोनं जास्त झाला की ते उचललं जावं. त्या दाबाला पाणी १२० अंशांच्या आसपास असतं. पहिली शिट्टी सांगते, ‘पोचले १२० ला.’ नंतरची प्रत्येक शिट्टी सांगते, ‘तू नको तेवढा गॅस जाळतेयस.’

वाया किती जातं? एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० ला न्यायला ७५ किलोकॅलरी लागतात. त्याच उकळत्या लिटरची पूर्ण वाफ करायला आणखी ५४०. सातपट! दहावीला तो ‘अप्रकट उष्मा’ घोकला होता ना, तो हाच. उष्णतेचा सगळा खजिना वाफेत असतो आणि आपण तो शिट्टीतून खिडकीबाहेर सोडतो. उघड्या पातेल्यावर झाकण ठेवलं की गॅस का वाचतो, त्याचं कारणही हेच.

बरं, शिट्ट्यांची संख्या कशावर ठरते? बर्नर लहान की मोठा, कुकर तीन लिटरचा की पाचचा, आत पाणी किती, रिंग नवी की सैल, वजन नीट बसलंय की नाही. डाळीचा त्यात कुठेच संबंध नाही. तरी पाककृतीत छापतात, ‘तीन शिट्ट्या काढाव्यात.’ हे वाचलं की मला आजही राग येतो. एका मासिकाला मी चार पानी पत्र लिहिलं होतं, आकृतीसकट, की कृपा करून मिनिटं छापा. उत्तर नाही. पुढच्या अंकात पुरणपोळीला ‘चार शिट्ट्या’. दुसरं पत्र पाठवलं. त्याचंही उत्तर नाही. नव्यानं स्वयंपाक शिकणारी मुलं-मुली परक्या गावात, परक्या शेगडीवर हे वाचून डाळ लावतात, ती बिघडते आणि त्यांना वाटतं आपल्याला जमत नाही. मला वाईट वाटतं ते याचं. कुकरसोबत येणारी पुस्तिका काढून बघा, तिथे पूर्ण दाब आल्यापासूनची मिनिटं दिलेली असतात. ती पुस्तिका आपण ड्रॉवरमध्ये बिलांच्या खाली ठेवतो.

हा कुकर आला कुठून, तेही सांगते. डेनिस पापँ नावाचा फ्रेंच माणूस. त्यानं १६७९ मध्ये लंडनला हाडं मऊ करणारं बंद भांडं करून दाखवलं. हाडं वाया जाऊ नयेत, गरिबाला त्यातून सत्त्व मिळावं, ही त्याची कळकळ. भांडं फुटू नये म्हणून त्यानं वजन लावलेली झडप बसवली. तीच आपल्या शिट्टीची खापरपणजी! १६८२ मध्ये रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेच्या विद्वानांनी त्या भांड्यातलं शिजवलेलं जेवण केलं, आणि त्यांच्यातल्याच जॉन एव्हलिननं रोजनिशीत लिहून ठेवलं की हाडं चीजसारखी मऊ झाली होती. आणि ती झडप होती जीव वाचवायला. स्वयंपाकाचा वेळ मोजायला नव्हे!

माझा एक विद्यार्थी फौजेत आहे, लेहला होता. फोनवर म्हणाला, ‘बाई, इथे पातेल्यात डाळ दिवसभर उकळली तरी शिजत नाही.’ लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे. दर तीनशे मीटरला उकळबिंदू अंदाजे एका अंशानं उतरतो, म्हणजे तिथलं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. खळखळाट तोच, पण पाणी कमी तापलेलं. आपल्या महाबळेश्वरलासुद्धा चारेक अंश कमी. लेहला तर कुकर नसला की डाळ लावणं अवघडच.

सात वाजून दोन? बंद केला. शिट्टीला हात लावायचा नाही, वरून गार पाणी ओतायचं नाही. आत अजून शंभराच्या वर आहे, बिनगॅसचं शिजणं चाललंय. ही शेवटची दहा मिनिटं फुकटची.

आता, वेळही बरोबर दिला आणि तरी डाळ शिजली नाही तर? तर पाण्याकडे बघा. माझी बहीण लातूरला असते. २०१६ चा तो उन्हाळा आठवतो ना? एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी नेलं होतं. लोक हंडे घेऊन रात्र-रात्र जागत होते. बहिणीच्या घरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी. तिनं मला फोनवर सांगितलं, ‘ताई, टँकरचं पाणी मिळालं, त्यातलं तांब्याभर डाळीला वापरलं. डाळ इतकी मऊ झाली की रवी फिरवायलाच लागली नाही.’ आणि मग गप्प झाली. पिण्याला पुरेना ते पाणी डाळीला वापरलं म्हणून तिला अपराधी वाटत होतं. ते नदीचं पाणी होतं. बोअरचं पाणी खडकातून झिरपतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं, म्हणून जड. डाळीच्या पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन असतं, कॅल्शियम त्याला आणखी घट्ट करतं. डाळ उमलतच नाही. उपाय काय? पाणी आधी चांगलं उकळा, निवू द्या, तळाला पांढरा साका बसेल, वरचं निवळ पाणी डाळीला घ्या. सगळाच जडपणा जात नाही, पण बराच जातो.

सोडा? चिमूटभर चालतो, पण ब जीवनसत्त्वातलं थायमिन त्यानं नासतं. आणि जास्त झाला की हळद सांगते. वरणाला लालसर झाक येते. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं, तीच ही किमया. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, तेव्हा घाबरू नका. धुवून कडक उन्हात वाळत घाला, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

(इथे चिटणीसांनी घंटा वाजवली.)

सात मिनिटं? मंडळी, आठ गोष्टी राहिल्यात. भराभर घेते, लिहून घ्या.

कडधान्य भिजवताना पाण्यात मीठ घाला. मिठानं कडक होतं असं सांगतात, ते उलटं आहे. मिठातलं सोडियम सालातल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडतं. जुनं, दमट कपाटात राहिलेलं कडधान्य मात्र काही केलं तरी हट्टी राहतं, म्हणून वर्षाचा साठा करू नका. राजमा अर्धवट शिजलेला कधीही खाऊ नका, कच्च्या राजम्यात उलट्या-जुलाब करणारं विष असतं आणि नुसत्या कोमट आचेवर ते जात नाही.

डाळीला कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरायचा नाही, फेस येतो, झाकणावर शिट्टी बसते त्या नळीत सालं अडकतात. झाकण लावण्याआधी ती नळी उजेडाकडे धरून आरपार बघायची. रोज. हे एवढं तरी घरी जाऊन कराच, बाकीचं राहू द्या हवं तर.

सिलिंडर. वरच्या कड्याखालच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. तोपर्यंत त्याची चाचणी व्हायला हवी. तारीख उलटलेली असेल तर घेऊ नका, दारातूनच परत द्या. रिकाम्या टाकीचं वजनही तिथेच लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवा आणि काट्यावर ताडून बघा. गॅस किती उरलाय ते बघायचं तर शेगडी चालू असताना ओलं फडकं सिलिंडरवरून फिरवा. वरचा भाग आधी वाळेल, जिथे द्रव आहे तिथे ओल रेंगाळेल. ती रेघ म्हणजे गॅसची पातळी.

वास आला तर? मूळ गॅसला वासच नसतो, कळावं म्हणून मर्कॅप्टन मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. त्यामुळे दिवा लावू नका, पंखा लावू नका, लागलेला असेल तर बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ ला फोन करा. घरातल्या लहान मुलांना हा आकडा पाठ करून ठेवायला सांगा.

कांदा. चिरल्यावरच त्यात डोळ्यांत झोंबणारा वायू तयार होतो, त्याआधी तो कांद्यात नसतो. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, सुरी धारदार घ्या. माठ आणि लोणच्याचं तेल राहिलं, ते चहाच्या वेळी विचारा.

कुकर पडला. काकू, वर या, चमचा घ्या. हा डावीकडचा डबा. बघा, दाणा उरलाच नाही, चमचा फिरवला की एकजीव होतेय. आणि हा उजवीकडचा. तोच कुकर, तीच आंच, तेवढीच मिनिटं. दाणे कसे अख्खे उभे आहेत? एक घ्या बोटात, दाबा. आतून कणी लागतेय ना? हे चिंचेचं काम, आंबटानं पेक्टिन सुटत नाही. म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो, सगळं डाळ शिजल्यानंतर. हा डबा मी टाकणार नाहीये. घरी नेऊन पुन्हा लावते, अजून वीस मिनिटं, बारीक गॅसवर. थोडी कणी राहीलच, पण रात्रीच्या आमटीला चालेल.