ठसा धरणारं प्लॅस्टिक

श्रोते हो, नमस्कार.

दुधातलं पाणी वेगळं काढणारा राजहंस आपल्या ओळखीचा आहे. अन्न तपासणाऱ्या रसायनतज्ज्ञाचं काम त्या हंसापेक्षाही अवघड. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचंच बघा. क्वचित कुणाच्या अस्थिमज्जेला ते कायमचं निकामी करतं. म्हणून युरोपीय संघात एक किलो मधात ते 0.15 मायक्रोग्रॅम सापडलं तरी कारवाई होते. ग्रॅमचे एक कोटी भाग केले, तर त्यातला जेमतेम दीड भाग! बाकी सगळी साखर, मेण, परागकण. या चिकट गर्दीत महागडं यंत्रही गोंधळतं, म्हणून नमुना आधी गाळून घ्यावा लागतो. नेहमीची गाळणी मात्र पदार्थ तेलात रमतो की पाण्यात, एवढंच पाहते.

नेमका हवा तोच रेणू धरणारी गाळणी बनवायची, तर त्याच रेणूचा ठसा घ्यायचा. तो रेणू द्रावणात सोडला की मेथॅक्रिलिक आम्लाचे छोटे रेणू हायड्रोजन बंधांनी, म्हणजे सैल आकर्षणानं, त्याला बिलगतात. मग या छोट्या रेणूंच्या साखळ्या होतील तशा एकमेकींत गुंफणारं रसायन भरपूर घालायचं आणि ऊब द्यायची. सगळ्याचं दगडासारखं घट्ट प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिमर, होतं. ते कुटून, चाळून, मेथॅनॉल आणि ॲसेटिक आम्लानं धुतलं की रेणू निघून जातो, त्याची खोबण राहते. जर्मनीत गुंटर वुल्फ यांनी 1972 साली पक्क्या रासायनिक बंधांनी असे ठसे घेतले होते. सैल बंधांची ही सोपी रीत पुढे स्वीडनमध्ये क्लाउस मोसबाख यांच्या प्रयोगशाळेत रुजली. 1994 मध्ये बोर्ये सेलरग्रेन यांनी अशा पॉलिमरनं लघवीतलं पेंटामिडीन हे औषध वेगळं काढून दाखवलं.

ऐकायला छान आहे. पण खरी गंमत पुढे आहे. कितीही धुतलं तरी साच्याचे, म्हणजे ज्याचा ठसा घेतला त्याचे, थोडे रेणू आतच अडकून बसतात आणि नेमके तपासणीच्या वेळी पाझरतात. म्हणजे मध निर्दोष, आणि गुन्हा गाळणीचा! यावरचा उपाय मला फार आवडतो: ठसा खऱ्या रेणूचा घ्यायचाच नाही, त्याच्या तोतयाचा घ्यायचा. वासरांना मांस वाढावं म्हणून चोरून दिल्या जाणाऱ्या क्लेनब्युटेरॉलसाठी ब्रोमब्युटेरॉलचा साचा वापरतात. दोघं जवळजवळ जुळे. एकात क्लोरीनचे दोन अणू, दुसऱ्यात त्या जागी ब्रोमीनचे, किंचित मोठे. खोबण थोडी ऐसपैस होते, पण क्लेनब्युटेरॉल तिच्यात बसतं. तोतया पाझरलाच, तर यंत्रात तो वेगळ्या वेळी बाहेर पडतो, लगेच ओळखू येतो.

दुसरी अडचण पाण्याची. ठसा सहसा सेंद्रिय द्रावकात घेतलेला असतो आणि नमुना असतो नदीचा. पाण्याचे रेणू खोबणीतल्या बिलगायच्या जागा आधीच अडवतात. म्हणून पाणी ओतून झालं की गाळणी कोरडी करतात, मग ॲसेटोनायट्राइलसारख्या द्रावकानं धुतात. खोबणी आपलं खरं काम तेव्हा करतात.

अशा पॉलिमरची स्तुती वाचली की मी एकच आकडा आधी शोधतो. साचा न घालता, बाकी सगळं तसंच ठेवून बनवलेल्या पॉलिमरनं किती धरलं? तेही तितकंच धरत असेल, तर ठसा उमटलेलाच नाही. प्लॅस्टिक नुसतंच चिकट आहे.

नमस्कार.