टाप आणि दम

(पडद्यावर: पहाटेचा अंधार. फक्त आवाज.)

मुंबई. महालक्ष्मी रेसकोर्स. तांबडं फुटायला अजून वेळ आहे. सरावाला सोडलेला घोडा दिसत नाही, तो आधी ऐकू येतो. टापा, आणि टापांच्या मध्ये नाकपुड्यांतून सुटणारा श्वास. फुर्र... फुर्र... नीट कान द्या. एका झेपेला एक श्वास. कमी नाही, जास्त नाही.

घोडा चौखूर सुटला की दम त्याच्या मर्जीचा राहत नाही, पायांच्या ताब्यात जातो. पुढचे पाय टेकतात, पोटातली आतडी पुढे सरकून छातीच्या पडद्यावर दाबतात, श्वास बाहेर. पुढचे पाय जमिनीवरून उचलले जातात, श्वास आत. 2400 मीटरची इंडियन डर्बी साधारण अडीच मिनिटांत संपते. तेवढ्यात साडेतीनशेच्या आसपास श्वास. आपण धापा टाकताना तोंड उघडतो, घोड्याला तीही सोय नाही. तो फक्त नाकाने श्वास घेतो.

डॉक्टरकडे तक्रारी मात्र दोन वेगळ्या म्हणून येतात. ‘दम लागतोय’ आणि ‘पाय धरलाय’.

आधी दम.

काही घोडे वेगात आले की श्वास आत घेताना घशातून घरघर ऐकू येते, करवत चालावी तशी. दोष बहुतेक वेळा स्वरयंत्राच्या डाव्या बाजूला असतो. डावीकडेच का, याचं उत्तर शरीराच्या एका विचित्र वायरिंगमध्ये आहे. स्वरयंत्राची डावी फळी उघडणाऱ्या स्नायूची नस मेंदूकडून निघते, अख्खी मान उतरून छातीत जाते, हृदयाजवळच्या महाधमनीला वळसा घालते आणि तीच मान पुन्हा चढून घशाशी येते. गिरगावातून दादरला जायला पनवेलमार्गे जावं, तसं. उंच घोड्यात हा प्रवास दोन मीटरच्या वर जातो. उजव्या नसेचा वळसा त्यापेक्षा आखूड आहे. लांब नस आधी झिजते, स्नायू वाळतो, आणि दाराची डावी फळी अर्धवट मिटलेलीच राहते. म्हणून हा आजार उंच्यापुऱ्या घोड्यांचा. ठेंगण्या तट्टाला तो क्वचितच गाठतो.

(पडद्यावर: एंडोस्कोपचं, म्हणजे नाकातून घातलेल्या कॅमेऱ्याच्या नळीचं, चित्र. उजवी फळी उघडते. डावी थरथरते आणि थांबते.)

मुंबईत 1874 साली ट्राम सुरू झाल्या त्या घोड्यांच्या. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 सालचं. त्या काळच्या घोड्यांच्या डॉक्टरकडे निदानाला होते कान, डोळे आणि बोटं. आज नाकपुडीतून स्कोप आत जातो. घोडा पळत असतानाही घसा पाहता येतो, आणि ते बरंच, कारण उभ्या घोड्याचा घसा अनेकदा निर्दोष दिसतो.

उपाय शस्त्रक्रियेचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॉब्डे यांनी स्वरयंत्राच्या बाजूच्या पिशवीचं अस्तर काढण्याची पद्धत रूढ केली. आज घोड्यांचे लोक या शस्त्रक्रियेला नुसतं ‘हॉब्डे’ म्हणतात. 1970च्या सुमारास दुसरी पद्धत आली, ‘टाय-बॅक’. जाड टाका घालून ती लुळी फळी कायमची उघडी बांधून ठेवायची. हवा मोकळी होते. पण दार कायमचं उघडं राहिलं की चारासुद्धा चुकीच्या वाटेने उतरू शकतो, म्हणून काही घोडे पुढे खाताना खोकत राहतात. शर्यतीचं वेळापत्रक पाहून ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या मालकाने तो खोकला आधी विचारात घ्यावा, असं माझं मत.

घशातली हीच सुरी एकदा भलत्याच कामाला वापरली गेली. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलात उतरलेल्या ब्रिटिशांच्या चिंडिट तुकड्यांनी आपल्या खेचरांचे स्वरतंतू कापून घेतले होते. त्यांना आजार कुठलाच नव्हता. ती ओरडली असती तर शत्रूला पत्ता लागला असता, एवढंच.

(पडद्यावर: लाल वाट. झाडी. माथेरान.)

आता सह्याद्रीत. माथेरानच्या दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटार नाही. माणसं आणि सामान वर्षानुवर्षं घोड्यांनी वाहिलं. उन्हाळ्यात लाल धूळ, पावसाळ्यात चार महिने ओल. इथला घोडा शर्यतीचा नाही, त्याचा आजारही वेगळा. ओलीत ठेवलेल्या गवताला बुरशी धरते. बंद तबेल्यात मुताचा उग्र वास डोळ्यांत जातो. ही बुरशी आणि धूळ श्वासातून रोज आत जाते आणि घोड्याला दमा जडतो. असा घोडा उभ्या उभ्या श्वास सोडतानाही पोट आवळतो. महिनोन्‌महिने तसं केल्यावर बरगड्यांच्या कडेने स्नायूचा एक पट्टा उठून दिसायला लागतो.

औषधं आहेत. स्टेरॉइड आहे, श्वासनलिका सैल करणारी आहेत. पण खरा उपचार बादलीत आहे. गवत खायला घालण्याआधी पाण्यात बुडवायचं आणि जमिनीवरच ठेवायचं, म्हणजे मान खाली राहते आणि नाकातला मळ वाहून जातो. घोडा जमेल तितका उघड्यावर बांधायचा. हे न करता दिलेलं इंजेक्शन आठवडाभर टिकतं, मग पुन्हा तेच. स्टेरॉइड द्यायचं तर आधी खुरांकडे पाहावं लागतं. ज्या घोड्याला खुराच्या आतल्या सुजेचा, म्हणजे लॅमिनायटिसचा, पूर्वीचा त्रास आहे, त्याच्या बाबतीत डॉक्टर हे औषध फार जपून वापरतात. दम सुधारताना पाय जायला नको.

आणि आता पाय.

(पडद्यावर: तबेल्यासमोर एक घोडी. पुढचा डावा पाय जेमतेम टेकलेला.)

‘कधीपासून धरलाय, मामा?’
‘काल संध्याकाळपासून, डॉक्टरसाहेब. सकाळी बरी होती.’
‘नाल कधी ठोकली?’
‘परवा.’

डॉक्टर पुढे काही विचारत नाहीत. दोर सैल सोडून घोडीला कडक वाटेवर सरळ दुडकी चालवायला सांगतात. तुम्हीही पाहा. दुखरा पाय टेकताना डोकं वर उडतं, चांगला पाय टेकताना खाली येतं. नवख्याला उलट वाटतं आणि तो चांगल्याच पायाला औषध चोळत बसतो. डोळे मिटले तरी चालेल. दुखऱ्या पायाची टाप हलकी पडते.

दुखतंय नेमकं कुठे, हे घोडी सांगणार नाही. मग खालून वर जायचं. आधी चिमट्याने खूर दाबत दाबत. तिथे काही हाती लागलं नाही, तर खुराजवळची नस बधिर करायची, काही मिनिटं थांबायचं, पुन्हा दुडकी. लंगडणं गेलं तर दुखणं सुईच्या खालच्या भागात. नाही गेलं तर सुई एक टप्पा वर. हे सगळं वेळखाऊ आहे, आणि घाईत केलेला एक्स-रे त्याची जागा घेऊ शकत नाही.

या घोडीला सुई लागली नाही. चिमटा तिसऱ्या खिळ्यापाशी आला आणि तिने पाय झटकला. खूर गरम, वरची नाडी ठणकणारी. नालेचा खिळा जिवंत भागाच्या फार जवळून गेला होता. नालबंदाने नाल उतरवली, डॉक्टरांनी चाकूने बारीक वाट केली, आणि काळपट पू बाहेर आला. कोमट पाण्यात मीठ घालून खूर बुडवला, पट्टी बांधली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. ते विसरून चालत नाही. धनुर्वाताला घोड्याइतकं हळवं जनावर विरळा.

वेदनाशामक मागणारे मालक खूप भेटतात. रोजचं पोट घोड्यावर असलं की तो मोह समजतो. पण नुसतं दुखणं मारून कामाला काढलेला घोडा त्याच पायावर अधिक भार टाकतो, आणि ज्या जखमेला आठवडा पुरला असता तिला हंगाम लागतो.

(पडद्यावर: तीच घोडी, चार दिवसांनी. पायाला पट्टी. उतारावरून चालत येते.)

मामा पुढे, दोर सैल. डॉक्टर वाटेच्या कडेला उभे आहेत, घोडीकडे पाठ करून. ते ऐकतायत.

टप्‌. टप्‌. टप्‌. टप्‌.

‘अजून दोन दिवस, मामा. डावी थोडी हलकी पडतेय.’