तंबोऱ्यासाठी व्होल्व्हो की ईको? मिरजेच्या बोळात बसून मांडलेला हिशेब

नमस्कार मंडळी! मागं रिक्षांचा आवाज येतोय, त्याला इलाज नाही. मी मिरजेत उभा आहे. सतारमेकर गल्लीतून आत्ताच बाहेर पडलोय आणि शर्टाला अजून पॉलिशचा वास येतोय.

विषय असा आहे. आपल्या चॅनलच्या एका भावानं मेसेज टाकला होता. घरचा धंदा तंबोरे बनवण्याचा, महिन्यातून दोन-तीन फेऱ्या पुण्या-मुंबईला. त्याला एक जुनी व्होल्व्हो व्ही ९० क्रॉस कंट्री मिळतेय, एमएच बारा पासिंग, पंचवीस लाखांच्या आतबाहेर. आणि शोरूममध्ये मारुतीची ईको कार्गो उभी आहे, पाच-सहा लाखांच्या घरात. म्हणतो, दादा, कुठली घेऊ? मला आधी हसू आलं. मग त्याच्याकडं जाऊन दोन तास बसलो आणि हसू गेलं, कारण प्रश्न अजिबात खुळा नाही.

ज्यांना व्ही ९० माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही इस्टेट, म्हणजे सेडानचं छप्पर तसंच मागं डिकीवर ओढत नेलेलं. आपल्याकडं ही जात कधी रुजलीच नाही. टाटा इस्टेट १९९२ ला आली, बलेनो अल्टुरा येऊन गेली, २००४ मध्ये इंडिगो मरिना आली. लोक विचारायचे, "ॲम्ब्युलन्स घेतली का?" विषय संपला. व्ही ९० क्रॉस कंट्री २०१७ मध्ये ६० लाख एक्स-शोरूमला लाँच झाली, वर्षभरानं मर्सिडीजनं ई-क्लास ऑल-टेरेन ७५ लाखांना आणली. दोन्ही नव्या मिळत नाहीत आता. म्हणजे घ्यायची तर सेकंड हँडच.

आता माल बघा. (कॅमेरा जरा खाली घे रे.) हा पुरुषी तंबोरा, पाच फुटांच्या आसपास. हा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. वरनं टणक दिसतो, पण टिचकी मारा, ऐका... आतून पोकळ, आणि साल बोटाच्या नखाएवढी जाड. ही दांडी, या खुंट्या. गाडीत सगळ्यात आधी खुंटी अडकते आणि सगळ्यात आधी भोपळा तडकतो. वजन मात्र काहीच नाही, एका हातानं उचलतो मी. सगळा घोळ इथंच आहे.

मालवाहू व्हॅनच्या मागच्या स्प्रिंगा भरलेल्या गाडीच्या हिशेबानं कडक केलेल्या असतात. बेदाण्याचे पंधरा किलोचे चाळीस बॉक्स झाले सहाशे किलो. तेवढं वजन मागं पडलं की व्हॅन शहाण्यासारखी चालते. पण सहा तंबोरे टाकले की स्प्रिंगेला वाटतं गाडी रिकामीच आहे, आणि पेठ नाक्यापर्यंत प्रत्येक खड्डा भोपळ्याला जसाच्या तसा पोचतो. व्ही ९० मात्र बांधलीय माणसं आरामात बसावीत म्हणून. मागच्या सीट पाडल्या की पंधराशे लिटरच्या वर जागा, २१० मिलीमीटर ग्राउंड क्लिअरन्स, आणि एसीची हवा डिकीपर्यंत जाते. हे शेवटचं हलक्यात घेऊ नका. मे महिन्यात बंद पत्र्याच्या डब्यात सरसानं चिकटवलेला सांधा किती वेळ टिकेल, हे त्या गल्लीतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा.

म्हणजे नुसत्या तंबोऱ्याला विचारलं असतं, तर तो व्होल्व्होत जाऊन बसला असता. पण हप्ता तंबोरा भरत नाही.

आता कागद. तुमच्या खाजगी कारची पॉलिसी काढा आणि त्यात "लिमिटेशन्स ॲज टू यूज" नावाचा परिच्छेद शोधा. कोणी वाचत नाही तो, मीही पाच वर्षं वाचला नव्हता. त्यात काय लिहिलंय? भाडं घेऊन वापर चालणार नाही, शर्यत चालणार नाही, आणि नमुने किंवा वैयक्तिक सामान सोडून मालाची वाहतूक चालणार नाही. गवई स्वतःचा तंबोरा घेऊन मैफलीला निघाला तर ते वैयक्तिक सामान, त्यात काही प्रश्न नाही. पण विकलेले सहा तंबोरे पुण्याच्या दुकानात पोचवायला निघालात की तो माल झाला. खंबाटकी घाटात कोणी मागून ठोकलं, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर डिकी उघडून बघणार आणि क्लेम तिथंच अडकणार. पंचवीस लाखांची गाडी आणि विमा असून नसल्यासारखा! माझ्या मते निकाल इथंच लागला. तरी पुढचं ऐका, कारण व्हॅनच्या बाजूनं सांगतात त्यातल्याही सगळ्या गोष्टी खऱ्या नसतात.

व्हॅन पिवळ्या पाटीवर पासिंग होते. लोक घाबरवतात, परमिट लागेल, बॅज लागेल, वेगळं लायसन्स लागेल. तीन हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार परमिट लागत नाही, ईको त्याच्या कितीतरी आत बसते. लायसन्सचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय, साडेसात हजार किलोच्या आतली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. फिटनेस मात्र चुकत नाही. नव्या गाडीला दोन वर्षांचं, मग आठ वर्षं होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. आरटीओच्या रांगेत उभं राहायची तयारी ठेवा.

आणि तो जीएसटीचा मुद्दा. सेल्समन सांगतो, "साहेब, मालवाहू गाडी आहे, जीएसटी परत मिळतो." एका अर्थी बरोबर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि नोंदणी असलेल्या धंदेवाल्याला मालवाहू गाडीवर इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे खरेदीत भरलेला जीएसटी विक्रीवरच्या जीएसटीतून वजा करता येतो. कारवर ते जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नं अडवलेलं आहे. सांगलीत भडंग बनवून विकणारा असाल तर हे क्रेडिट घ्याच. पण आपल्या या भावाला त्याचा शून्य फायदा. हातानं बनवलेली देशी वाद्यं जीएसटीतून माफ आहेत, आणि विक्रीवर करच नाही तर खरेदीवरचं क्रेडिट कशाच्या बदल्यात घेणार? हे ऐकून त्याचा चेहरा पडला. त्यानं मनात ऐंशी हजार कमी करून टाकले होते.

टोलचं एक. फास्टॅगचा वर्षाचा पास ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाला, तेव्हा तीन हजारांत दोनशे फेऱ्या. तो फक्त खाजगी गाडीला, पिवळ्या पाटीला नाही. पुण्याच्या वाटेवर तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, जाऊन-येऊन सहा वेळा टोल. महिन्याला तीन फेऱ्या धरल्या तर वर्षाचे दोनशे सोळा होतात. इथं व्हॅनला खर्च जास्त, हे मान्य.

जुन्या महागड्या गाडीबद्दल मात्र एक सांगलीकर म्हणून बोलतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या कुठं गेल्या? धुऊन, वाळवून, दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या गेल्या, आणि दुसरीकडच्या पुरातल्या तशाच आपल्याकडंही आल्या असतील. सीटखालचं कार्पेट उचला, बेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटची वीतभर पट्टी बघा. तिथं गाळाची रेघ राहते, ती कोणी धूत नाही. अशा महागड्या गाडीत अर्धी इलेक्ट्रॉनिक्स जमिनीलगत बसवलेली असते.

शिवाय बोळ. व्ही ९० सोळा फूट लांब, ईको बारा फूट. त्याच्या घरासमोर मी टेप धरली होती. व्होल्व्हो आत जाईल, पण मग शेजारच्या काकूंना भाजी आणायला डिकीवरनं उडी मारावी लागेल.

तर मी त्याला ईको सांगितली. फक्त आहे तशी वापरायची नाही. चार गोष्टी करायला लावल्या, खरं म्हणजे तीन, चौथी त्यालाच सुचली. तळाला कापसाची जाड गादी, फोमची नको, फोम उसळतो. पुढच्या सीटमागं, अगदी खाली, वाळूची दोन-तीन पोती पट्ट्यानं आवळून बांधायची, म्हणजे स्प्रिंग थोडी तरी दबेल. टायरची हवा लोड असतानाच्या आकड्यावर ठेवायची नाही; दारावरच्या स्टिकरवर कमी लोडचा आकडा असतो, तो बघायचा. वाळूचं पोतं सैल राहिलं तर काय होईल विचारू नका. ताशी पन्नासच्या वेगात गाडी कुठं धडकली, तर पंधरा किलोची वस्तू आपल्या वजनाच्या कित्येक पट जोरानं पुढं येते.

चौथी गोष्ट म्हणजे छपराला आतून गोणपाट. घराच्या पत्र्याखाली आपण लावतो तसं, मध्ये हवेची फट सोडून. मे महिन्यात दुपारी निघायचंच नाही, पहाटे तीनला निघायचं, हेही त्याच्या वडिलांनी आतून ओरडून सांगितलं.

भोपळा पुढं की दांडी पुढं, यावर मात्र बापलेकांचं अजून जमलेलं नाही. वडील म्हणतात भोपळा पुढं, सीटमागच्या जाळीला टेकवून, म्हणजे ब्रेक मारला तर सरकायला जागाच नाही. मुलगा म्हणतो दांडी पुढं, भोपळा मागच्या चाकांच्या मागं. माझं मत वडिलांच्या बाजूला आहे, कारण चाकांच्या मागं जितकं जाल तितका दणका जास्त बसतो, एसटीत शेवटच्या सीटवर बसलेल्याला विचारा. गादीवाला रविवारी माप घ्यायला येतोय. तोपर्यंत तुम्ही कमेंटमध्ये सांगा, भोपळा कुठल्या बाजूला.