कैसराच्या नावनिशीत जन्मलेलं मूल

मंडळी, नाताळचा देखावा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. गव्हाण, मरिया, योसेफ, मेंढपाळ, पूर्वेकडून आलेले मागी लोक, वर तारा. या देखाव्यात एका माणसाची मूर्ती कोणी ठेवत नाही, आणि येशूचं चरित्र लिहिणारा लूक मात्र दुसऱ्या अध्यायाला त्याच्याच नावाने सुरुवात करतो. रोमचा सम्राट कैसर औगुस्त याची आज्ञा निघाली की सगळ्या जगाची नावनिशी लिहिली जावी. दिवस भरलेली बाई नासरेथ सोडून बेथलेहेमला निघते ती या आज्ञेपायी. त्या काळची नावनिशी म्हणजे माणसं आणि जमीनजुमला मोजायचा, आणि त्यावर कर बसवायचा.

इथे इतिहासाचे अभ्यासक हरकत घेतात, आणि ती रास्त आहे. लूक सांगतो ती, सीरियाचा रोमन सुभेदार क्विरिनिय याची नावनिशी इ.स. 6 मधली. रोमच्या वतीने यहूदियावर राज्य करणारा हेरोद राजा बहुतेक इतिहासकारांच्या मते इ.स.पू. 4 मध्येच वारला होता, आणि लूकच्याच पहिल्या अध्यायात काळ हेरोदाचा आहे. दोन्हींचा मेळ बसत नाही, आणि ओढूनताणून बसवूही नये असं माझं मत आहे. मला त्या नावनिशीच्या आठवणीचं महत्त्व जास्त वाटतं. इ.स. 6 मध्ये रोमने यहूदिया प्रांत थेट आपल्या अमलाखाली आणला आणि लगेच मालमत्तेची मोजणी काढली. गालीलकर यहूदा त्याविरुद्ध उठला. ही मोजणी म्हणजे उघड गुलामगिरी, आणि आमचा धनी एक देवच, असं तो लोकांना सांगत होता. इतिहासकार जोसेफसने हे लिहून ठेवलंय. लूकलाही हा उठाव माहीत होता. त्याच्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात ‘नावनिशीच्या दिवसांत’ उठलेला म्हणून या यहूदाचं नाव येतं. आणि अशा नावनिशीला लूकचा योसेफ मुकाट्याने जातो. म्हणूनच लूक सरळसरळ रोमविरोधी होता असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. त्याच्या ग्रंथात भले रोमन शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांचे नायकही, भेटतात.

पण मेंढपाळांना देवदूत काय सांगतो ते ऐका. मोठ्या आनंदाचं सुवृत्त, तारणारा जन्मला, तो प्रभू आहे, पृथ्वीवर शांती. हे शब्द त्या जगाला नवे नव्हते. इ.स.पू. 9 च्या सुमारास आशिया प्रांतातल्या, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या, ग्रीक शहरांनी ठराव केला की यापुढे वर्षाची सुरुवात औगुस्ताच्या वाढदिवसाने, 23 सप्टेंबरला, करायची. प्रिएने गावात सापडलेल्या शिलालेखात त्याचं कारण कोरलं आहे: औगुस्त हा तारणारा, त्याने युद्ध संपवलं, आणि या देवाचा जन्मदिवस ही जगासाठी त्याच्यामुळे आलेल्या सुवृत्तांची सुरुवात. नाण्यांवर तर तो ‘देवाचा पुत्र’ होताच. हे सगळं लूक एका गव्हाणीतल्या पोराबद्दल म्हणतो, आणि ते पहिल्यांदा ऐकतात रात्रपाळीला रानात बसलेले मेंढपाळ. त्याआधीच्या अध्यायात मरियेचं गाणं येऊन गेलेलं असतं. तिचा देव अधिपतींना राजासनांवरून खाली ओढतो आणि धनवानांना रिकाम्या हाताने परत पाठवतो. लूक तलवार उचलत नाही, पण कैसराची एकही पदवी कैसराकडे राहू देत नाही.

त्या रोमन शांतीची किंमत नासरेथ ज्यात येतं त्या गालील प्रांताने मोजली होती. हेरोद वारल्यावर ठिकठिकाणी उठाव झाले. गालीलमधल्या सेप्फोरिस शहरात बंडखोरांनी शस्त्रागार फोडलं. मग सीरियाचा सुभेदार वारूस फौज घेऊन उतरला. जोसेफस लिहितो, सेप्फोरिस जाळलं, तिथल्या लोकांना गुलाम केलं, आणि पुढे यरुशलेमच्या बाजूला सुमारे 2,000 जणांना क्रुसावर चढवलं. नासरेथ ते सेप्फोरिस हे अंतर साधारण सहा किलोमीटर. येशूच्या लहानपणी गावातल्या मोठ्या माणसांनी ही हकीकत सांगितली नसेल असं मला वाटत नाही.

येशूचं चरित्र लिहिणारा दुसरा लेखक मत्तय. त्याच्याकडे नावनिशी नाही, हेरोद आहे. या हेरोदाला ‘यहूद्यांचा राजा’ केलं ते रोमच्या सेनेटने, इ.स.पू. 40 मध्ये. त्याच वर्षी पूर्वेकडून रोमच्या शत्रूंच्या, म्हणजे पार्थियनांच्या, फौजा यरुशलेममध्ये शिरल्या होत्या आणि हेरोदाला जीव घेऊन पळावं लागलं होतं. त्या माणसाच्या शहरात पूर्वेकडचेच लोक येऊन विचारतात, यहूद्यांचा राजा जन्मला आहे तो कुठे? हेरोद घाबरला आणि त्याच्याबरोबर सगळं यरुशलेम घाबरलं, असं मत्तय लिहितो, ते उगाच नाही. बेथलेहेमच्या बालहत्येला मत्तयाबाहेर समकालीन पुरावा नाही. पण आपल्याच तीन मुलांना मारवणारा हा राजा, त्याच्याबद्दल असं सांगितलं तर कोणाला खोटं वाटलं असतं? मत्तयाचं एक साधं वाक्य मला फार बोलकं वाटतं. मिसरहून परतताना योसेफ ऐकतो की यहूदियात हेरोदाचा मुलगा अर्खेलाव राज्य करतोय, आणि तिकडे जायला भितो. याच अर्खेलावाने गादीवर येताच वल्हांडण सणात, जोसेफसच्या आकड्याप्रमाणे, सुमारे 3,000 माणसं कापली होती. योसेफ बायकामुलाला घेऊन गालीलकडे वळतो. आजही निर्वासित असाच विचार करतात: कुठे कोणाचं राज्य आहे, मग कुठे जायचं.

ही कथा मराठीत ओवीबद्ध झाली ती गोव्यात, फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणात, 1616 मध्ये. त्या मराठीवर माझं प्रेम आहे. पण गोव्यातल्या ज्या साष्टीत ते पुराण रचलं गेलं, तिथली देवळं 1567 मध्ये पोर्तुगीजांनी पाडली होती. बाळाची गोष्ट सांगणारे पाद्री आता राज्यकर्त्यांच्या जहाजातून आले होते, आणि ऐकणारे होते जिंकलेले लोक. मरियेचं गाणं त्या गावकऱ्यांच्या कानावर पडलं असेल, तर राजासनांवर त्यांना कोण बसलेलं दिसलं असेल?