एकाच बाईच्या दोन आठवणी

श्रोतेहो, नमस्कार.

नातवंडे असलेली आई जाते, तेव्हा घरातून एकाच क्षणी दोन स्त्रिया जातात. मुलांची आई जाते आणि नातवंडांची आजी जाते. देह एक, नाव एक, तरीही या दोघी पुष्कळदा इतक्या निराळ्या असतात की मुलांनी आणि नातवंडांनी शेजारी बसून आठवणी काढल्या, तर आपण एकाच व्यक्तीविषयी बोलत आहोत ना, असा प्रश्न पडावा. माझी आई गेल्यानंतर आमच्याकडे नेमके हेच झाले. मला आठवत होती ती वेळेच्या बाबतीत कमालीची काटेकोर, कौतुकाचा शब्द जपून वापरणारी, आमच्या हस्ताक्षरातली वेलांटीसुद्धा दुरुस्त करायला लावणारी बाई. आणि माझी मुले ज्या आजीबद्दल बोलत होती, तिच्याकडे वेळच वेळ होता, तीच ती गोष्ट पुन्हा सांगताना ती कंटाळत नसे आणि मुलांनी चूक केली तरी आधी हसत असे. दोन्ही वर्णने खरी होती. आई गेल्यावर तिची आठवण कशी जपावी, याविषयी मला मनापासून सांगायचे आहे ते हेच, की या दोन आठवणी ज्याच्या त्याच्यापाशी बंद राहू नयेत. घरातल्यांनी त्या एकमेकांना सांगाव्यात.

हा फरक का पडतो, हे समजायला कठीण नाही. मुले लहान असतात तेव्हा आईच्या डोक्यावर संसाराची, नोकरीची, आजारपणांची आणि उद्याच्या चिंतेची एकत्रित जबाबदारी असते, आणि मुलांच्या वाट्याला येते ती त्या ओझ्याखालची, दमलेली आई. आजी होईपर्यंत यातले बरेचसे ओझे उतरलेले असते. तिचा जो स्वभाव घाईगर्दीत कधी वर येऊ शकला नाही, तो नातवंडांसमोर निवांतपणे प्रकट होतो. म्हणून नातवंडांना ऐकताना काही मुलांच्या मनात हळूच एक असूयाही येते, की हे सारे आम्हाला का मिळाले नाही. तशी ती आली, तर तिची लाज वाटण्याचे कारण नाही.

आईच्या वस्तू आवरताना तिची फोन नंबर लिहिण्याची जुनी वही माझ्या हाती आली. कोपरे दुमडलेले, पुठ्ठ्याला चिकटपट्टी लावलेली. मी जितक्या वेळा घर बदलले, तितक्या वेळा माझा नंबर तिने नव्याने लिहिला होता आणि जुना नंबर एका सरळ रेघेने, पट्टी धरून खोडला होता. जी माणसे हयात नव्हती, त्यांचे नंबर मात्र तिने खोडले नव्हते. प्रत्येकाभोवती पेन्सिलीने बारीक चौकट काढली होती. या वहीला हात लावण्याची आम्हा भावंडांना कधीही परवानगी नव्हती. आणि त्याच वहीच्या एका पानावर, ओळ सोडून, वेड्यावाकड्या मोठ्या अक्षरांत माझ्या मुलाने स्वतःचे नाव लिहिलेले होते, त्यातले एक अक्षर उलटे. मी त्याला विचारले तेव्हा तो सहज म्हणाला, "आजीनेच सांगितलं, तुझं नाव तूच लिही." आईने ते उलटे अक्षर दुरुस्त केले नव्हते. त्या एका पानावर माझी आई आणि त्याची आजी, दोघी मला एकत्र दिसल्या, आणि ती गेल्यानंतर मला पहिल्यांदा मोकळेपणाने रडू आले.

आई, मुलगी आणि नातवंड यांना जोडणारी एक शारीरिक गोष्टही येथे सांगण्यासारखी आहे. मुलीच्या शरीरातील स्त्रीबीजे जन्मानंतर तयार होत नाहीत; ती गर्भात असतानाच तयार होऊ लागतात आणि गर्भाच्या 20 व्या आठवड्याच्या सुमारास त्यांची संख्या साठ ते सत्तर लाखांपर्यंत पोहोचते. याचा अर्थ असा, की ज्या स्त्रीबीजापासून आपण जन्मलो, त्याचा आरंभ आपली आई तिच्या आईच्या पोटात असतानाच झालेला होता. आईच्या आईने आपल्याला अशा रीतीने काही काळ स्वतःच्या देहात वागवलेले असते. वडिलांच्या आईशी असलेले नाते या विशिष्ट वाटेने येत नाही, पण मायेच्या बाबतीत ते रतिभरही उणे नसते, हे ज्यांना तशी आजी लाभली ते जाणतात.

आता दुःखाविषयी. दुःख करणाऱ्याला चारचौघे फार लवकर सांगू लागतात, की आता सावरा, आता विसरा. या समजुतीला एकेकाळी शास्त्राचाही आधार मिळाला होता. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी 1917 मध्ये असे मांडले, की शोक हे मनाचे एक काम आहे, आणि गेलेल्या व्यक्तीत गुंतलेले मन हळूहळू सोडवून घेणे हे त्या कामाचे स्वरूप आहे. पुढे 1920 मध्ये त्यांची स्वतःची मुलगी सोफी गेली. त्यानंतर नऊ वर्षांनी, पुत्रशोकात असलेल्या एका स्नेह्याला पत्र लिहिताना त्यांनी कबूल केले, की तीव्र शोक ओसरतो हे खरे असले, तरी ती जागा कशानेही पूर्ण भरत नाही आणि तसेच असायला हवे. मला त्यांच्या सिद्धान्तापेक्षा हे पत्र अधिक विश्वासाचे वाटते. 1990 च्या दशकात डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनीही हेच ठामपणे मांडले, की गेलेल्या माणसाशी असलेले नाते तोडण्याची गरज नसते. ते रूप बदलून चालू राहते आणि त्यात आजारपण असे काही नाही. एखादा निर्णय घेताना "आई काय म्हणाली असती" असे मनात येणे, हे त्या नात्याचेच चालू राहणे आहे.

शोकाला सरळ रांगेतल्या पायऱ्याही नसतात. सकाळी डोळ्यांतले पाणी खळत नाही आणि दुपारी नातवंडाच्या एखाद्या बोलण्यावर मनापासून हसू येते, यात आईशी कसलीही प्रतारणा नाही. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या शोकाच्या अभ्यासकांनी 1999 मध्ये असे मांडले, की माणूस शोक आणि नित्याचे जगणे या दोन टोकांमध्ये ये-जा करत राहतो, आणि ही ये-जाच त्याला तारून नेते.

लहान नातवंडांशी बोलताना मात्र विशेष जपावे लागते. मृत्यू कायमचा असतो, गेलेल्या माणसाचे शरीर काम करायचे थांबते आणि हे प्रत्येकाच्या बाबतीत घडते, या तिन्ही गोष्टी एकत्रितपणे मुलांना साधारणपणे पाच ते सात वर्षांच्या वयात कळू लागतात. त्याआधीचे मूल "आजी कधी येणार" असे पुन्हा पुन्हा विचारते आणि मोठ्यांचा जीव कासावीस होतो. अशा वेळी "आजी झोपली आहे" असे सांगितले, तर काही मुलांना झोपेचीच भीती बसते. "आजी गावाला गेली" असे सांगितले, तर ते मूल दाराकडे डोळे लावून बसते आणि आजी न सांगता का गेली याचा राग धरते. आजी वारली, तिचे शरीर आता चालत नाही, ती परत येणार नाही, पण आपण तिच्याबद्दल हवे तितके बोलू शकतो, असे साध्या शब्दांत सांगणे जड जाते खरे, पण मुलाला तेच पेलते. आणि तो प्रश्न पुन्हा आला, तर पुन्हा तेच उत्तर, न चिडता, द्यावे.

आठवणींचे म्हणाल, तर त्या लवकर लिहून काढाव्यात, असा माझा आग्रह आहे. केंब्रिजमधील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 मध्येच दाखवले होते, की स्मरण म्हणजे साठवलेले चित्र जसेच्या तसे बाहेर काढणे नव्हे. प्रत्येक वेळी मन ती आठवण नव्याने रचते आणि रचताना तिला आपल्या ओळखीच्या साच्यात बसवते. त्यामुळे वर्षे उलटतात तसतसे तिच्याविषयीचे बोलणे "फार प्रेमळ होती", "सगळ्यांसाठी झिजली" अशा वाक्यांवर येऊन थांबते. ही वाक्ये खोटी नसतात, पण ती कोणत्याही आईला लागू पडतात. ती चष्मा कुठे विसरायची, फोन ठेवताना शेवटचे काय बोलायची, कोणत्या गोष्टीवर हमखास चिडायची, कोणाच्या आठवणीने गप्प व्हायची, हे लिहावे. एक वही घरात ठेवावी आणि तीत मुलांनी, सुनांनी, जावयांनी, नातवंडांनी आपापल्या शब्दांत लिहावे. दोन आठवणी जुळल्या नाहीत, तर कोणाची खरी याचा निवाडा करू नये. दोन्ही राहू द्याव्यात.

तिचा आवाजही सांभाळा. एडिसन यांनी 1877 मध्ये फोनोग्राफ तयार करेपर्यंत गेलेल्या माणसाचा आवाज पुन्हा ऐकण्याची सोय जगात कोणालाही नव्हती. आज तो आवाज आपल्या फोनमध्ये असतो, "पोहोचलीस का, पोहोचल्यावर कळव" एवढाच एखादा निरोप; आणि फोन बदलला किंवा बिघडला की तो कायमचा जाऊ शकतो. म्हणून असे निरोप निदान दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवावेत. ते ऐकण्याचे धैर्य आज झाले नाही, तरी ते असू द्यावेत.

आई आणि आजी होण्यापूर्वी ती एक मुलगी होती, आणि त्या मुलीला ओळखणारी माणसे, म्हणजे तिची भावंडे आणि मैत्रिणी, आता स्वतः थकलेली असतात. त्यांच्याकडे सर्वात आधी जावे. माझ्या आईच्या एका बालमैत्रिणीने मला सांगितले, की लहानपणी आई उत्तम धावायची. हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते. तिने स्वतः कधी सांगितले नाही आणि आम्ही कधी विचारले नाही.

शेवटी, एका गोष्टीबद्दल बोलणे मला आवश्यक वाटते. प्रत्येकाची आई प्रेमळ होतीच असे नाही. एखाद्या मुलाच्या वाट्याला कठोर, पक्षपाती किंवा अबोल आई आलेली असते, आणि तीच बाई आजी म्हणून मात्र अतिशय मायाळू झालेली असते. मग ती गेल्यावर सारे घर तिचे गुण गात असताना हा मुलगा एका बाजूला कोरड्या डोळ्यांनी बसलेला असतो आणि लोक त्याला निष्ठुर समजतात. त्याचा शोक अधिक अवघड असतो, कारण जे कधी मिळाले नाही आणि आता कधीच मिळणार नाही, त्याचाही तो शोक असतो. अशा भावाला किंवा बहिणीला भावंडांनी एकदा शांतपणे बोलू द्यावे, मध्येच अडवू नये, "असे बोलू नये गेलेल्या माणसाबद्दल" असे म्हणू नये. आणि त्याने सांगितलेले त्या वहीत लिहायचे की नाही, हे सर्वस्वी त्याच्यावर सोपवावे.

नमस्कार.