पुस्तक मिटा, वही उघडा

नमस्कार श्रोतेहो.

परीक्षा जवळ आली की मुलं एकच धडा तीनतीनदा, चारचारदा वाचतात. चौथ्या वेळी ओळ न् ओळ ओळखीची वाटते आणि मूल म्हणतं, "सर, आला मला हा धडा." शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं. मी म्हणायचो, "छान! आता पुस्तक मीट आणि काय वाचलंस ते तुझ्या शब्दांत लिही." दोन ओळी झाल्या की पेन थांबायचं. मूल गोंधळायचं, पण खरा अभ्यास तिथून सुरू व्हायचा. नेमकं काय कळलं नाही, हे त्याला पहिल्यांदाच दिसलेलं असायचं.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिलं. त्यांचा शोधनिबंध २००६ सालचा. प्रत्येक विद्यार्थ्याने एक उतारा दोनदा वाचला. दुसरा उतारा एकदाच वाचला आणि मग तो समोर नसताना आठवेल तेवढा कागदावर लिहिला. काहींची चाचणी पाच मिनिटांनी घेतली, तेव्हा त्यांना दोनदा वाचलेल्या उताऱ्यातलं ८१ टक्के आठवत होतं, लिहून काढलेल्यातलं ७५. ज्यांची चाचणी आठवड्याने घेतली, त्यांच्यात चित्र उलटलं. दोनदा वाचलेल्यातलं ४२ टक्के आठवलं, लिहून काढलेल्यातलं ५६.

एक सांगायला हवं. फळ्यावरचं वहीत उतरवणं, गाईडमधली उत्तरं सुवाच्य अक्षरात काढणं, याला मी लेखन म्हणत नाही. त्यात हात चालतो, डोकं चालतंच असं नाही.

आठवणीच्याही पुढची गोष्ट म्हणजे विचार. इथे मला चार्ल्स डार्विन आठवतात. पुस्तक वाचून झालं की आपल्या कामाच्या मजकुराची सूची ते त्या पुस्तकाच्या शेवटी करत. विषयवार टिपणांच्या तीस-चाळीस मोठ्या फायली त्यांच्याकडे होत्या. आणि एक नियम त्यांनी वर्षानुवर्षं पाळला: आपल्या निष्कर्षाच्या विरोधात जाणारं काही वाचलं, दिसलं किंवा सुचलं, की ते तिथल्या तिथे टिपायचं. कारण सोयीच्या गोष्टी लक्षात राहतात, गैरसोयीच्या पटकन निसटतात, हे त्यांनी स्वतःवरून ओळखलं होतं. या सवयीमुळे, त्यांनी आत्मचरित्रात लिहिलंय, आपण आधीच विचारात घेतले नव्हते असे आक्षेप पुढे फारच थोडे आले.

आपल्यालाही हे जमेल. उद्या वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचा आणि पेपर बाजूला ठेवा. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लेखकाचं म्हणणं चार-पाच ओळींत लिहा, उजवीकडे तुम्हाला न पटलेलं आणि ते का पटलं नाही ते. मग पेपर पुन्हा उघडा आणि डावी बाजू ताडून पाहा. लेखक जे बोललाच नाही, ते आपण त्याच्या तोंडी घातलेलं एखाद्या तरी ओळीत सापडेल. ती ओळ खोडा, नीट लिहा आणि मग उजवीकडचा आक्षेप अजून टिकतो का, ते बघा.

नमस्कार.