मुळशीचे पाणी आणि कुंडलिकेचे खोरे

सभ्य स्त्री-पुरुषहो,

ताम्हिणी घाट उतरणारे आपण पुणेकर बहुधा दोनच ठिकाणी रेंगाळतो, घाटातल्या धबधब्यांपाशी आणि मग थेट समुद्रकिनाऱ्यावर. या दोहोंमध्ये भिऱ्यापासून कोलाड, रोहा असे करत रेवदंड्याच्या खाडीपर्यंत कुंडलिकेचे खोरे पसरले आहे. ते सलग पाहावे आणि पाण्याच्या वेळा सांभाळून पाहावे, एवढीच विनंती करण्यासाठी मी आज उभा आहे.

या नदीशी आपले जवळचे नाते आहे. मुळेचे पाणी मुळात भीमेतून आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जाणारे. टाटांनी मुळशीला धरण बांधले आणि हे पाणी सह्याद्रीच्या पायथ्याशी भिऱ्याच्या वीजगृहात व तेथून कुंडलिकेत उतरू लागले. ज्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, त्याच धरणाच्या पाण्यावर आज कोलाडचे राफ्टिंग चालते, हे तेथे जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते. वीज तयार करून सोडलेले पाणी आले की नदी फुगते आणि काही तासांनी पुन्हा उतरते. म्हणून राफ्टिंग प्रामुख्याने सकाळी होते आणि भर उन्हाळ्यातही होऊ शकते. मात्र याच कारणामुळे, उथळ दिसणाऱ्या पात्रात स्थानिकांना न विचारता पोहायला उतरणे जिवावर बेतू शकते.

रोह्याच्या खाली नदीची सूत्रे चंद्राच्या हाती जातात. किनाऱ्यावर भरतीचा एक जुना हिशेब आहे: तिथीला तीनने गुणून चाराने भागावे, म्हणजे भरतीची अदमासे वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास ओहोटी, आणि खाडी पाहण्यासाठी हीच वेळ उत्तम. तिवरांच्या मुळांपाशी चिखल उघडा पडतो, निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, बिळांतून बाहेर येतात आणि परांवर रेलून सरपटू लागतात; त्यांचे डोळे मधूनमधून खोबणीत आत जातात आणि ओले होऊन पुन्हा वर येतात. शेजारीच एक नांगी भलीमोठी असलेले नर खेकडे ती उंचावून माद्यांना बोलावत असतात. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेला कुरल आपली लांब, बाकदार चोच नेमकी खेकड्यांच्या बिळांत घालतो. दुर्बीण डोळ्याला लावून अर्धा तास एकाच जागी बसणाऱ्याला हे सारे दिसते. पुलावरून गाडी हाकत जाणाऱ्याला फक्त चिखल दिसतो. तिवराचे पान जिभेला लावून पाहावे. शोषलेले मीठ ते झाड पानांवाटे बाहेर टाकते, म्हणून चव खारट लागते.

खाडी ओलांडून मुरुडच्या दिशेने गेले की फणसाड अभयारण्य लागते. एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचे हे शिकारीचे रान होते. 1986 मध्ये ते अभयारण्य झाले. तेथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात. शेकरू पाहायचे तर पहाटेच पोहोचावे आणि नजर उंच झाडांच्या शेंड्यांवर ठेवावी, कारण काटक्या आणि पानांची त्याची मोठी घरटी तेथेच असतात.

एक गोष्ट टाळून मला पुढे जाता येत नाही. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे आणि तेथल्या रासायनिक सांडपाण्याबद्दल खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षे तक्रार करत आले आहेत. नदीच्या वरच्या अंगाचा आनंद लुटणाऱ्यांनी खालच्या अंगाच्या या तक्रारीत आपला आवाज मिसळला पाहिजे. या नदीतले पाणी आपल्या मुळशीतून आलेले असल्याने पुण्यावर ही जबाबदारी दुप्पट येते.

जाण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. रेवदंड्यात होडी ठरवायची तर कोळी बांधवांकडूनच ठरवावी आणि परतीची वेळ त्यांनाच ठरवू द्यावी. ओहोटीत होडी गाळात रुतली, तर पाणी पुन्हा चढेपर्यंत तेथेच बसून राहावे लागते.